थकवा, दुखणं की झोप : आधी काय धरायचं? (स्तनाच्या कर्करोगाचे उपचार)

#१ कळशी
वाळवा तालुक्यातल्या आशाताईंच्या हातात द्यायला एक पानी कागद करायचा आहे. विषय : स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा नुकत्याच संपलेल्या बायकांचा थकवा, अंगदुखी आणि झोप. घरी गेलं की तिन्ही तक्रारी एका दमात येतात. अंगात त्राण नाही, हातपाय ठणकतात, डोळ्याला डोळा लागत नाही. घरातलं उत्तरही ठरलेलं : "केमो म्हटल्यावर असणारच. पडून राहा."

माझं म्हणणं असं : तिघांपैकी दुखणं आधी धरावं. दुखणं थांबलं की झोप लागते, झोप झाली की थकवा उतरतो. म्हणून कागदावर दुखणं सगळ्यात वर. जाणकारांनी सांगा, क्रम बरोबर आहे का? आणि एका पानात मावेल एवढंच सांगा, पोथी नको.

#२ वॉर्ड_सात
कळशीताई, क्रमाच्या आधी एक प्रश्न राहिला : "केमोला आज कितवा दिवस?" तो विचारल्याशिवाय तिन्ही तक्रारींचा अर्थ लागत नाही.

लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) आणि सोबत सायक्लोफॉस्फमाइड, दर २१ दिवसांनी, असं धरा. पहिले दोन दिवस बाई उलट तरतरीत दिसते. चेहरा लालसर, बोलणं भरभर, रात्री टक्क जागी. तो केमोसोबत देतात त्या स्टेरॉइडचा म्हणजे डेक्सामेथासोनचा जोर. ते संपलं की साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी धाडकन खाली. सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. तिसऱ्या आठवड्यात जीवात जीव येतो. बँकेचं काम, लग्नकार्य, माहेरी जाणं, सगळं त्या तिसऱ्या आठवड्यात ठेवायला सांगा.

आणि कागदावर लाल पेनाने एकच गोष्ट लिहायची असेल तर ही : ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर त्याच घटकेला दवाखाना. "सकाळी बघू" नाही. अंग दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल घ्यायच्या आधी थर्मामीटर लावायचा. गोळीने ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो.

#३ झोपमोड्या
म्हणजे "काल तर चांगली हिंडत होतीस, आजच काय झालं" म्हणणाऱ्या नवऱ्याला हे गणित आधी दाखवायला पाहिजे.

#४ औषधवाला
वॉर्ड_सात यांच्या स्टेरॉइडला जोडून. घरी द्यायच्या डेक्साच्या गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर, दुसरा डोस असेल तर दुपारी जेवणाबरोबर. पुष्कळ घरांत "दिवसातून दोनदा" म्हणजे सकाळ-संध्याकाळ असं धरलं जातं आणि रात्रीच्या झोपेचं वाटोळं होतं. वेळ बदलण्याआधी केमो देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं, कारण काही औषधांच्या आधीचा डोस ठरावीक तासांनीच घ्यायचा असतो. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखरही चढते. रात्री चारदा लघवीला उठणं हे त्याचंच असू शकतं. झोपेची गोळी शोधण्याआधी साखर तपासा.

दुसरं, उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडने काहींना पायात विचित्र तगमग होते. बसवत नाही, निजवत नाही. बाई म्हणते "जीव वरखाली होतोय", घरचे म्हणतात टेन्शन. गोळी बदलली की थांबतं.

तिसरं ओलान्झापिन. मळमळीसाठी उत्तम, रात्री घेतली की झोपही लागते. पण माहितीच्या कागदावर मनोविकाराचं नाव वाचून मुलगा ती परस्पर बंद करतो. दुकानातच सांगायला हवं की इथे ती उलटीसाठी आहे. दुसऱ्या दिवशी फार गुंगी राहत असेल तर डोस कमी करण्याबद्दल विचारा. टाटा मेमोरिअलच्या अभ्यासात २.५ मि.ग्रॅ. ही मात्रा १० मि.ग्रॅ. इतकीच उपयोगी ठरली आणि दिवसाची पेंग कमी होती.

#५ हातवर_करा
मी फिजिओच्या बाजूने बोलणार, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. आधी थकवा धरा, आणि थकव्याला धरायचं ते चालण्याने.

हा थकवा मळ्यातून आल्यावरच्या दमण्यासारखा नसतो. तो आठ तास पडून उतरत नाही. उलट पडून राहिलं की आठवड्याभरात मांडीचे स्नायू उतरतात, मग न्हाणीपर्यंत जाणंही डोंगर वाटतं, म्हणून अजून पडून राहायचं. हे चक्र औषधाने तुटत नाही. उपचारादरम्यानच्या थकव्यावर आजवर जे जे तपासलं गेलं त्यात व्यायामाची बाजू सगळ्यात भक्कम आहे.

मात्रा लिहून देते. सुरुवात सपाटीवर १० मिनिटं, दिवसातून दोनदा. वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. अर्धा तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, इथवर पोहोचलं तरी थकव्यात फरक पडतो. केमोनंतरच्या पडत्या दिवसांत निम्मं करा, पण शून्य नको. अंगणात पाच फेऱ्या झाल्या तरी चालतील. सांगलीत आमराई, साताऱ्यात स्टेडियमची कडेची वाट. यवतेश्वरचा घाट आणि अजिंक्यतारा उपचार संपल्यावर.

जोडीला आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ८ ते १० वेळा. मांडीला ताकद आली की निम्मी तक्रार जाते.

कधी चालायचं नाही : ताप, छातीत दुखणं, चक्कर, हिमोग्लोबिन ८च्या खाली, किंवा प्लेटलेट फार कमी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हा.

#६ भांगलण
आमराईत चालायला सांगलीत घर पाहिजे. जत-आटपाडीकडच्या बाईला "चाला" म्हटलं तर ती हसेल. सकाळी धार, शेण, पाणी, दुपारी भांगलण, संध्याकाळी वैरणीचा भारा डोक्यावर. तिला चालणं कमी पडतंय का?

#७ हातवर_करा
मुद्दा कबूल. तिच्यासाठी सल्ला उलटा आहे, कामाची वाटणी. अशा बायका बऱ्या दिवशी राहिलेलं सगळं उरकतात आणि पुढचे दोन दिवस आडव्या. म्हणून "थकल्यावर बसा" असं सांगू नका, "थकण्याआधी बसा" सांगा. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं टेकणं. अंगात १०० पैशांची ताकद वाटत असेल तर ७० पैसेच खर्चायचे.

घरातलं : भाकऱ्या उभ्याने नको, बसून किंवा उंच स्टुलावर. पीठ मळणं दुसऱ्या कोणाकडे. कळशीऐवजी निम्मी बादली. आंघोळ स्टुलावर बसून, अंग पुसायला मोठा पंचा. स्वयंपाक दिवसातल्या तिच्या बऱ्या वेळेला उरकायचा, बहुतेकींना ती सकाळी असते. कोणती कामं तिचीच आणि कोणती सोडता येतील, याची यादी घरच्यांसमोर करायची. तिच्याशी एकटीशी बोलून उपयोग नाही, ती मान डोलावते आणि संध्याकाळी भारा आणायला जाते.

#८ कृष्णाकाठ
मालकांना भाकरी थापायला शिकवणे हे कोणत्या मथळ्याखाली येईल?

#९ झोपमोड्या
"उपचाराचे दुष्परिणाम."

#१० एकवीस_दिवस
हसणं झालं. आता थोडं थांबा. चालायला लावण्याआधी थकव्याचं दुसरं कारण नाही ना हे बघितलंय का? केमोच्या नावाखाली बरंच काही खपून जातं.

एकदा तरी : रक्ताची पूर्ण तपासणी, टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या तपासण्या, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व. थायरॉइड मंद असणं आपल्याकडे बायकांत काही विरळ नाही, आणि थायरॉइडची गोळी केमोच्या धामधुमीत बंद पडलेली असते. मनाचंही विचारा : "आवडायच्या गोष्टी आवडेनाशा झाल्यात का?" उदासीनता थकव्याच्या वेषात येते.

आणि हृदय. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब, या दोन्ही औषधांनी हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. ट्रास्टुझुमॅब चालू असताना साधारण तीन महिन्यांनी टूडी एको असतो, तो चुकवू नये. जिना चढताना नव्याने धाप, आडवं झालं की खोकला, दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, पावलांना सूज : हा थकवा नाही, हे त्याच दिवशी कळवायचं. अशीला चालायला पाठवणं चूक.

थकवा मोजायला सोपी पट्टी : ० ते १०. तीनपर्यंत असेल तर लक्ष ठेवा, चार ते सहा असेल तर पुढच्या भेटीत मुद्दाम सांगा, सात किंवा वर असेल तर भेटीची वाट बघू नका.

#११ हुलगा
फेरिटिनवरून आठवलं. हिमोग्लोबिनसाठी बीट आणि गुळाचा चहा, हे कागदावर चुकूनही नको. बिटात लोह फार नाही, गुळातलं थोडकं लोह त्यातल्याच चहाने अडतं. केमोतला पांडुरोग (रक्त कमी होणं) बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचा नसतोच, हाडातला रक्त बनवणारा मगज मंदावलेला असतो. म्हणून आधी फेरिटिन, मग गोळी. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा-दूध त्याच्या आगेमागे तासभर नाही.

थकव्यात खरी उणीव प्रथिनांची. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम धरा. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. आपल्याकडे ताटात भाकरी तीन आणि आमटी वाटीभर पातळ, तिथे ३० ग्रॅमही भरत नाहीत. दोन अंडी साधारण १२ ग्रॅम, पेलाभर दूध ६-७, मूठभर शेंगदाणे ७-८, वाटीभर शिजलेली घट्ट उसळ ७-८. तोंड आलं असेल तर हुलग्याचं माडगं, मऊ मुगाची खिचडी, दही. तिखटाचा ठेचा महिनाभर रजेवर. पेशी कमी असताना कच्चं दूध, अर्धं कच्चं अंडं, गाड्यावरचा उसाचा रस नको. किडनीचा त्रास असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा.

#१२ आयुर्वेदवाडा
एवढं सगळं कशाला? अश्वगंधा रात्री दुधातून द्या. थकवा, झोप दोन्ही.

#१३ औषधवाला
वाडेकर, अश्वगंधा निरुपद्रवी असती तर बरं झालं असतं. तिने थायरॉइडची पातळी वर सरकू शकते, क्वचित यकृताला सूज आल्याची नोंद आहे. केमो चालू असताना यकृताचे आकडे वाढले की पुढचा डोस लांबतो, आणि मग कोणामुळे वाढले हे शोधत बसायचं. हळदीचंही तसंच. आमटीतली, दुधातली सांगलीची हळद खुशाल. "कर्क्युमिन" लिहिलेली जाड कॅप्सूल ही वेगळी वस्तू, ती विचारल्याशिवाय नको. हार्मोन-पॉझिटिव्ह (बायकी हार्मोनवर पोसणारी) गाठ असेल तर "बायकांचं टॉनिक" म्हणून मिळणाऱ्या बाटल्याही डॉक्टरांना दाखवून मगच.

#१४ आयुर्वेदवाडा
बरं, योगाला तरी हरकत नसावी.

#१५ हातवर_करा
अजिबात नाही, त्याच्या बाजूने पुरावाही आहे. सावकाश आसनं, दीर्घ श्वास, योगनिद्रा याने झोप आणि थकवा दोन्हींत फरक पडतो. फक्त ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर सगळं वजन येणारी आसनं सुरुवातीला नकोत, आणि हाडं ठिसूळ असतील तर पुढे जोरात वाकणं नको.

#१६ रात्रपाळी
झोपेचं कोणीच नीट बोललं नाही म्हणून सविस्तर.

पहिल्यांदा विचारा : झोप लागत नाही, मोडते, की पहाटे उघडते? लागत नसेल तर स्टेरॉइड, चहा, काळजी. मोडत असेल तर गरम वाफा, दुखणं, लघवी, घोरणं. पहाटे तीनला उघडून पुन्हा लागत नसेल आणि सकाळ सगळ्यात वाईट जात असेल तर मनाकडे बघा.

गोळी हा पहिला इलाज नाही. अल्प्राझोलाम आपल्याकडे पेपरमिंटसारखी दिली जाते. चार-पाच दिवसांच्या अडचणीला ठीक. महिनोन्महिने घेतली तर तिच्याशिवाय झोप येत नाही, आणि मॉर्फिन-ट्रामाडॉलबरोबर घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका. पहिला इलाज सवयींचा आहे आणि तो चिकाटीने केला तर गोळीपेक्षा टिकतो :

उठायची वेळ कायम एकच, रात्र कशीही गेली तरी. अंथरूण फक्त झोपेसाठी. टीव्ही, फोन, रडणं, हिशोब सगळं दुसरीकडे. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत. घड्याळ नजरेआड.

आता यातला अवघड भाग. समजा बाई रात्री ९ ते सकाळी ६ अंथरुणात असते आणि झोपते साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास ती अंथरुणात जागं राहायला शिकते. म्हणून अंथरुणातला वेळच कमी करायचा : साडेअकरा ते साडेपाच, म्हणजे ६ तास. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप होऊ लागली की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची. पहिले दहा दिवस दिवसा जास्त पेंग येते, तिथेच लोक सोडून देतात. हे केमो जोरात चालू असताना करू नये, फेफरं किंवा मनाचा मोठा आजार असेल तरीही नाही.

#१७ भांगलण
दुपारची झोप? ती बंद करा म्हणून सांगितलंत तर केमोतली बाई दुपारी कुठे जाईल? मला हे पटत नाही.

#१८ रात्रपाळी
बंद नाही, मापात. तीनच्या आत, २० ते ३० मिनिटं, गजर लावून, शक्यतो रात्रीच्या अंथरुणावर नाही. दीड तास झोपलेली बाई उठते ती डोकं जड घेऊन, आणि रात्रीच्या झोपेची भूक दुपारीच भागलेली असते. पडत्या दोन-तीन दिवसांत मात्र तुमचं बरोबर, त्या दिवसांत नियम लावू नयेत.

चहा दुपारी दोननंतर बंद.

#१९ कृष्णाकाठ
सगळं मान्य होतं. हे शेवटचं वाक्य सांगली जिल्ह्यात लागू होणार नाही.

#२० औषधवाला
गरम वाफांबद्दल. टॅमॉक्सिफेनवर (हार्मोन रोखायची गोळी, २० मि.ग्रॅ., पाच ते दहा वर्षं) किंवा अंडाशय बंद करणाऱ्या इंजेक्शनवर असलेल्या बाईला रात्री छातीपासून डोक्यापर्यंत ज्वाळ येते, पाच मिनिटांत घामाघूम, मग थंडी. झोप मोडते ती यामुळे. जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती पांघरुणं, एक ढकलता येतं. सुती गाऊन, उशाशी दुसरा, पंखा, पाण्याचा तांब्या. संध्याकाळी चुलीपुढे बसणं टाळा, रात्रीचं जेवण कमी तिखट आणि लवकर.

याने भागलं नाही तर औषधं आहेत : रात्री गॅबापेंटिन ३०० मि.ग्रॅ., किंवा व्हेनलाफॅक्सिन ३७.५ पासून. डॉक्टर ठरवतील. पण एक जपा : टॅमॉक्सिफेन शरीरात जाऊन ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) खरं कामाचं होतं, ते विकर फ्लुऑक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन अडवतात. उदासीनतेची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगायचं. दोन दवाखाने, दोन फायली आणि मधे कोणी नाही, हे फार घरांत असतं.

टॅमॉक्सिफेनवर असताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर तेल लावून रगडायची नाही. गुठळी असू शकते. तडक दवाखाना.

#२१ वॉर्ड_सात
दुखण्याचे प्रकार वेगळे लिहिले नाहीत तर कागद फुकट जाईल. "अंग दुखतंय" या दोन शब्दांत चार आजार बसतात.

पेशी वाढवायच्या इंजेक्शननंतर एक ते तीन दिवसांत कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. हाडातला मगज कामाला लागल्याची खूण आहे. आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल ६५०, दिवसाला चारच्या वर नाही. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन गावातल्या डॉक्टरकडून परस्पर नको, किडनी आणि प्लेटलेट दोन्ही आधीच नाजूक असतात.

पॅक्लिटॅक्सेलनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांधे-स्नायूंत ठणका, आठवड्याच्या आत जातो. पण तळव्या-बोटांना मुंग्या, जळजळ, ब्लाउजचं हुक लावता न येणं, पायातली चप्पल निसटलेली न कळणं, हे वेगळं. ती नसांची इजा, दर डोसला वाढते. "पुढच्या वेळी सांगू" नको, कारण डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. अशा बाईने उसाच्या खोडव्यात अनवाणी जायचं नाही. बुडखा घुसला तरी कळत नाही. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं. रात्री जळजळ झोपू देत नसेल तर ड्युलॉक्सेटिनचा उपयोग होतो, पण तेही टॅमॉक्सिफेनच्या वाटेत थोडं येतं, म्हणून विचारून.

लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यावाल्यांचं दुखणं सकाळचं. बोटं आखडलेली, कपबशी धरवत नाही, दोन पावलं टाकली की सुटतं. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी चालू होतं. इथेच बायका गोळी गुपचूप सोडतात. सोडू नका, सांगा. त्याच गटातली दुसरी गोळी काहींना सोसते. कोमट पाण्यात बोटं उघडझाप, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, आठवड्याला १५० मिनिटं चालणं.

#२२ हातवर_करा
आणि चौथं, काखेतलं. गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना नेणारी नस ताणली किंवा कापली जाते. म्हणून दंडाला बधिरपणा, मधेच विजेचा झटका, साडीचा पदर लागला तरी आग. तिथे रोज पाच मिनिटं, दोन-तीनदा, आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल फिरवायचा. नस स्पर्शाला सरावते.

काखेतून कोपरापर्यंत ताणलेल्या तारेसारखी दोरी दिसली, हात वर केला की ओढते, तर घाबरू नका. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसते, हळू ताण देत राहिलं की काही आठवडे-महिन्यांत जाते. रगडून मोडायला जाऊ नका.

हात बांधून ठेवणं हीच मोठी चूक. ऑपरेशननंतर पाणी काढायला लावलेली नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंत, नळी निघाली की पुढे. भिंतीला तोंड करून बोटांनी चढायचं, जिथवर जाईल तिथे खडूची खूण, उद्या तिच्या वर. १० वेळा, दिवसातून तीनदा. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्याच्या वर घेऊन स्थिर पडावं लागतं. खांदा आखडला असेल तर रेडिएशनची आखणीच रखडते.

"त्या हाताने जन्मभर काही उचलू नको" हे जुनं झालं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने हाताची सूज वाढली नाही. कळीचा शब्द हळूहळू. अर्ध्या किलोपासून. वैरणीचा भारा हा अर्धा किलो नसतो. दर महिन्याला दोन्ही हातांचा घेर एकाच जागी मोजा, उदाहरणार्थ कोपराच्या १० सेंटिमीटर वर. आधीच्या मापापेक्षा दोन्हींतला फरक २ सेंटिमीटरने वाढला तर दाखवा. हात लाल, गरम, ताप : संसर्ग, त्याच दिवशी.

झोपताना त्या हाताखाली उशी, दुसऱ्या कुशीवर. छातीपुढे अजून एक उशी मिठीत.

#२३ पाटणचा_पाऊस
रेडिएशनचं कोणी बोललं नाही. १५ दिवसांचं असेल तर सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. टेबलावर काही मिनिटं आणि पाटणहून कराड किंवा जतहून मिरज एसटीचे कितीतरी तास. थकवा रेडिएशनचा किती आणि एसटीचा किती, हे देवाला ठाऊक. दोन गोष्टी : एकच वेळ मागून घ्या, बसच्या वेळेला जुळणारी. आणि शेवटच्या आठवड्यात तरी जवळ राहायची सोय बघा, कारण हा थकवा साचत जातो आणि संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे चढलेला राहतो. "आता तर संपलं, आता का पडून?" तर म्हणूनच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी जा, शेवटच्या दिवशी नको.

#२४ एकवीस_दिवस
दुखण्याच्या यादीत एक खिडकी मोकळी सोडा. उपचार संपून वर्ष-दोन वर्षं झाली आणि एकाच जागी हाड दुखतंय, रात्री जास्त, विश्रांतीने कमी होत नाही, दोन-तीन आठवडे टिकलंय : तपासणी. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, कमरेखाली बधिर झालं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तासांचा प्रश्न असतो. अस्थिवैद्याकडे पट्टा आणायला जाऊ नका.

हाडात पसरलेलं असेल तरी वेदना सोसायची नसते. रेडिएशनचा एकच डोस पुष्कळदा पुरतो. मॉर्फिनच्या गोळीला घरचे "शेवटचं औषध" समजतात, ते चूक. वेदनेसाठी बरोबर मात्रेत, घड्याळाप्रमाणे दिली तर व्यसनाची भीती फार कमी, बाई उठून बसते. साधी गोळी दर चार तासांनी असते, दुखायची वाट बघायची नाही. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, मॉर्फिनने होणारा मलावरोध आपोआप जात नाही. २०१४च्या कायदा दुरुस्तीने मॉर्फिन ठेवण्याचे नियम सोपे झाले, तरी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. मान्यता असलेल्या रुग्णालयातून घ्यावं लागतं, म्हणून संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करा.

#२५ हुलगा
अवांतर : भेटायला येताना साताऱ्याचे कंदी पेढे आणणाऱ्यांना काय सांगायचं? तोंडाला चव नाही, वर स्टेरॉइडची साखर.

#२६ कृष्णाकाठ
पेढे नवऱ्याला द्यायचे. भाकऱ्या थापून दमलेला असतो.

#२७ कळशी
एक पान म्हटलं होतं, तुम्ही वही भरलीत. पण माझा क्रम चुकला हे पटलं. दुखणं वर ठेवलं असतं तर आशाताईंनी पहिल्या भेटीत पॅरासिटामॉल सुचवलं असतं, ताप न मोजता. आता वर क्रम नाही, एकच ओळ : "आज कितवा दिवस?" त्याखाली लाल चौकट : ताप, धाप, सुजलेली पोटरी, पायातली ताकद जाणं.

त्याखाली भिंतीवरच्या कॅलेंडरचा चौकोन. रोज संध्याकाळी तीन आकडे, थ, दु, झो. थकवा ० ते १०, दुखणं ० ते १०, झोपेचे तास. केमोच्या दोन फेऱ्यांत नमुना दिसेल. थकवा दर वेळी पाचव्या दिवशी चढून उतरत असेल तर औषधाचा, आणि उतरतच नसेल तर रक्त-थायरॉइड-हृदय. कोणतं आधी धरायचं ते तिचं कॅलेंडर सांगेल.

#२८ भांगलण
आमच्याकडे त्या चौकोनात दुधाचे लिटर, सिलिंडरची तारीख आणि ऊसतोडीच्या टोळीची उचल आधीच लिहिलेली असते. जागा कुठे?

#२९ वॉर्ड_सात
दुधाच्या आकड्याशेजारीच लिहू द्या, तो चुकत नाही. फक्त केमोच्या दिवसाला गोल करायला सांगा, आणि येताना फाइलबरोबर ते पान फाडून आणायला. फोनमधला फोटो चालतो, पण पान बरं, त्यावर डॉक्टर पेनाने खूण करतात.

#३० रात्रपाळी
"झो"मध्ये अंथरुणातले तास नको, झोपेचे हवेत. हे तोंडी दोनदा सांगा, सगळ्या नऊ लिहितात.